अंगठा एक, दुखणी दोन : पायाच्या अंगठ्याच्या सांधेदुखीची जुनी कहाणी

आज पायाच्या अंगठ्याबद्दल लिहितो आहे. अंगठा जिथे पावलाला जोडलेला असतो, त्या बुडाच्या सांध्याबद्दल. उभं राहून टाच उचला. पाऊल ज्या रेषेत दुमडतं तिथे आतल्या बाजूला एक टणक उंचवटा हाताला लागतो, तोच हा सांधा. आकाराने फार तर सुपारीएवढा. पण चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार शेवटी याच्यावरून पुढे सरकतो, आणि त्या क्षणी तो वरच्या दिशेने चाळीस ते साठ अंश वाकावा लागतो.

आमच्या विंचूरकडे या सांध्याला काम जरा जास्तच आहे. कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसून, टाचा उचलून, चवड्यांवर पुढे सरकत खुरपणी करणाऱ्या बायका, द्राक्षबागेत मांडवाखाली चवड्यांवर उंच होऊन घडांची विरळणी करणारे मजूर, लासलगावच्या मार्केटात गोण्या वाहणारे हमाल. ही सगळी माणसं अंगठ्याच्या जोरावर जगतात म्हटलं तरी चालेल.

हा सांधा दुखायला लागला की दवाखान्यात ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं : "डॉक्टर, युरिक ॲसिड वाढलंय." हातात लॅबचा कागद, त्यावर ७.४ किंवा ७.८ असा आकडा. चप्पल काढून पाय दाखवण्याआधी कागद पुढे केला जातो. अनेकांची गोळी तोवर सुरूही झालेली असते, डाळ बंद झालेली असते, टोमॅटो-पालक बंद झालेला असतो. अंगठा मात्र दुखतच असतो.

याचं कारण असं की या एकाच सांध्यात मुख्यतः दोन अगदी वेगळी दुखणी होतात. एक गाउट. रात्री माणूस बरा झोपतो आणि पहाटे ठणक्याने जागा होतो. सांधा लाल, गरम, चकचकीत सुजलेला. गोधडीचा पदर लागला तरी सहन होत नाही. आठ-दहा दिवसांत सगळं ओसरतं, आणि पुन्हा केव्हातरी तेच. दुसरं म्हणजे सांध्याची झीज. ही वर्षानुवर्षं हळूहळू येते. आधी चढण चढताना, मग उकिडवं बसताना अंगठा दुखतो, पुढे तो वर वाकेनासाच होतो आणि सांध्याच्या माथ्यावर हाडाची एक गाठ उभी राहते. वैद्यकात याला हॅलक्स रिजिडस म्हणतात, म्हणजे ताठरलेला अंगठा.

पहिल्या दुखण्यावर रक्तातलं युरिक ॲसिड खाली आणणारं औषध लागतं. दुसऱ्याला त्या औषधाचा काडीचाही उपयोग नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत हे समजायला वैद्यकाला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लागला. आणि आता शे-दोनशे रुपयांच्या एका रक्ततपासणीने ती पुन्हा एक करून टाकली आहेत. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

पायाला बसलेला सापळा

ग्रीक लोक या दुखण्याला पोडाग्रा म्हणत. 'पोड' म्हणजे पाय आणि 'आग्रा' म्हणजे सापळ्यात पकडणं. ज्याने गाउटचा झटका अनुभवला आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातल्या हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत या आजाराबद्दल तीन निरीक्षणं आहेत : हिजड्यांना तो होत नाही, बाईला पाळी बंद होईपर्यंत होत नाही, आणि मुलाला स्त्रीसंग घडेपर्यंत होत नाही. आजही दवाखान्यात ही निरीक्षणं बहुतांशी खरी ठरतात. बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून पाळी चालू असताना त्यांना गाउट क्वचितच होतो. तेव्हा पस्तिशीच्या बाईचा अंगठा दुखतोय आणि कुणी तिला गाउट म्हणून गोळी लिहून दिली असेल, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्यानेही भुवई उंचावली असती.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणतिसावा अध्याय वातरक्तावर आहे. या आजाराला तिथे जी दुसरी नावं दिली आहेत, त्यातलं एक आहे 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुकुमार, फारसं न चालणारी, आंबट-खारट-तिखट आणि मांस भरपूर खाणारी, मद्य पिणारी, दिवसा झोपणारी आणि रात्री जागणारी माणसं हा त्याचा वर्ग. हत्ती-घोड्यावरून फिरणंही कारणांत सांगितलं आहे. दुखणं हातापायांपासून सुरू होतं आणि उंदराच्या विषासारखं हळूहळू अंगभर पसरतं, असं जुन्या ग्रंथकारांनी लिहून ठेवलं आहे.

मला यातला सर्वांत वाचनीय भाग एका मतभेदाचा वाटतो. चरकाने वातरक्ताचे दोन प्रकार केले : त्वचा-मांसापर्यंतचं उत्तान आणि खोल धातूंतलं गंभीर. सुश्रुत म्हणतो, हे दोन प्रकार नव्हेत. एकच आजार आधी वरवर असतो आणि कालांतराने खोल जातो. एक आजार की दोन, हा वाद म्हणजे आजच्या आपल्या विषयाचाच पूर्वज. मात्र वातरक्त म्हणजेच गाउट असं सरसकट भाषांतर करू नये. त्या वर्णनात त्वचेचे आणि रक्तवाहिन्यांचेही आजार मिसळलेले दिसतात. जुन्या नावांच्या पोटात नेहमी अनेक दुखणी असतात. खुद्द 'गाउट' हा शब्द लॅटिनमधल्या 'थेंब' या शब्दावरून आला. शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात गळतो ही त्यामागची कल्पना. मग पायात काहीही दुखलं की तो थेंबच.

राजाचं बोट आणि गोव्याचा वैद्य

सोळाव्या शतकात युरोपचा सर्वांत बलाढ्य सम्राट पाचवा चार्ल्स या आजाराने इतका खंगला की १५५५-५६ मध्ये त्याने राज्य सोडलं, आणि त्यामागे गाउट हे एक मोठं कारण होतं असं इतिहासकार मानतात. त्याच्यावर जे उपाय झाले त्यात चिनी मुळी, म्हणजे आपल्या आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारी चोपचिनी होती. सुप्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस त्याचा वैद्य होता, त्याने १५४६ साली या मुळीवर एक लांबलचक पत्र छापलं. तिकडे गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तिच्यावर एक स्वतंत्र संवाद लिहिला. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्याही ओळखीचा, म्हणजे आपल्या भागाशी अगदीच अपरिचित नव्हे. चोपचिनीने चार्ल्सचं काही भलं झालं नाही. पण त्याच्या बोटाचा एक तुकडा स्पेनमध्ये जपून ठेवला होता. २००६ साली डॉक्टरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा हाड पोखरून बसलेले युरेटचे स्फटिक सापडले. साडेचारशे वर्षांनी निदान पक्कं झालं, आणि तेही रक्ताच्या आकड्याने नव्हे, सांध्यात काय आहे ते डोळ्यांनी पाहून.

झटक्याचं सर्वांत नेमकं वर्णन लंडनच्या थॉमस सिडनहॅमने १६८३ मध्ये केलं. तो स्वतः कित्येक वर्षं गाउटने पिडलेला होता. रात्री दोनच्या सुमाराला जाग येणं, थंडी वाजणं, पांघरुणाचंही ओझं न सोसणं, खोलीत कुणी चाललं तरी कळ उठणं, हे सगळं त्याने लिहिलं. आजही मी विद्यार्थ्यांना सांगतो : रुग्ण हे वर्णन स्वतःहून करायला लागला की अर्धं निदान झालं.

कळलावी

औषधाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर हा बायझंटाईन वैद्य पायाच्या या दुखण्यावर एक कंद देत असे. अरब आणि युनानी हकिमांनी तो सुरंजान या नावाने वापरला. गोड सुरंजान आणि कडू सुरंजान अशा दोन जाती आपल्याकडे युनानी दुकानांत अजून मिळतात. युरोपात मात्र हे औषध मध्येच मागे पडलं, कारण जुलाब फार होत आणि सिडनहॅमसारख्यांना जुलाबाची औषधं नकोशी वाटत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हुसाँ नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने गुप्त काढा म्हणून एक औषध विकायला काढलं. त्यात काय आहे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गुण येत होता. १८१४ मध्ये वाँट या इंग्रज डॉक्टरने ते गुपित फोडलं : काढ्यात कोल्चिकम होतं, तोच जुना कंद. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हंतू या जोडीने, ज्यांनी क्विनाइन वेगळं केलं त्यांनीच, त्यातलं सत्त्व काढलं. तेच आजचं कोल्चिसिन.

आता हे कोल्चिसिन आपल्या कुंपणापर्यंत कसं येतं ते पाहा. पावसाळ्यात बांधाच्या कडेने आणि डोंगरउतारावर एक वेल फुलते. पाकळ्या लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर उलटलेल्या, पानाच्या टोकाला वेटोळं. कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तमिळनाडूत शेतकरी तिची लागवड बियांसाठी करतात, तिथलं ते राज्यफूलही आहे. कुणी म्हणेल, मग गाउटला घरचीच कळलावी का नको? नको, कारण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, मग दोन-चार दिवसांत रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच बंद पडते. त्यावर खात्रीचा उतारा नाही. गोळीचंही तसंच आहे. जुन्या काळी "जुलाब लागेपर्यंत दर तासाला एक" असा हिशेब होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं की सुरुवातीलाच थोडी मात्रा दिली तर ती मोठ्या मात्रेइतकाच गुण देते आणि त्रास फार कमी करते. म्हणून आज आपण पहिल्या दिवशी दोन-तीन छोट्या गोळ्यांच्या पुढे जात नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर तेवढीही डॉक्टरला न विचारता घेऊ नका.

वाइनवर आळ

विंचूरला सरकारी द्राक्ष-प्रक्रिया धोरणातून वाइन पार्क झालं तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "वाइनने पायाचा अंगठा सुजतो ना?" हा प्रश्न अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आला आहे. १७०३ च्या इंग्लंड-पोर्तुगाल करारानंतर तिथे फ्रेंच वाइनऐवजी पोर्ट वाइनचा पूर आला. पोटसुटे, लालबुंद नाकाचे, स्टुलावर पाय गुंडाळून बसलेले सरदार हा व्यंगचित्रकारांचा आवडता विषय झाला, आणि गाउट म्हणजे वाइन हे समीकरण रुजलं.

पण त्या पोर्टमध्ये दारूशिवाय आणखी एक गोष्ट होती : शिसं. वाइनमध्ये मिसळायची ब्रँडी शिशाचे भाग असलेल्या भांड्यांतून गाळली जाई. शिसं मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांच्या लक्षात आलं की आपल्याकडच्या गाउटच्या रुग्णांत रंगारी आणि नळकाम करणारे बरेच आहेत, आणि हे लोक काही सरदार नव्हते. दिवसभर शिशाशी काम करणारे गरीब कारागीर होते. श्रीमंतांचा म्हणून मिरवणारा आजार असा दुसऱ्या दाराने गरिबाच्या घरातही शिरला होता.

आजच्या वाइनरीतल्या टाक्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, शिशाचा प्रश्न उरलेला नाही. दारूचा उरला आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४७,००० पुरुषांचा बारा वर्षं पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासात गाउटचा धोका बिअरने सर्वांत जास्त वाढला, कडक दारूने त्याखालोखाल, आणि बेताच्या वाइनने जवळपास नाही. मात्र ज्याला गाउट आधीच आहे त्याला कुठलीही दारू, वाइनसुद्धा, चोवीस तासांत झटका आणू शकते, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. थोडक्यात, वाइनवरचा आळ निम्मा खोटा आहे. बिअर आणि गोड शीतपेयं यांवर तो पुरेसा घेतला जात नाही. द्राक्षं बेताने खायला हरकत नाही, रस काढून ग्लासावर ग्लास पिऊ नका.

धागा, दगड आणि स्फटिक

आता मुख्य मुद्द्याकडे. डच लेव्हेनहूकने १६७९ मध्ये गाउटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ आपल्या भिंगाखाली पाहिला, त्यात सुईसारखे बारीक कण दिसले. ते काय आहेत हे त्याला कळण्याची सोय नव्हती. १७७६ मध्ये शीले याने मुतखड्यात युरिक ॲसिड शोधलं, १७९७ मध्ये वोलास्टनने दाखवलं की गाउटच्या गाठीतही तेच आहे. मग वर आलेल्या गॅरड यांनी १८४८ मध्ये गाउटच्या रुग्णाच्या रक्तात ते वाढलेलं असतं हे सिद्ध केलं. त्यांची पद्धत फार सुंदर होती. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, पसरट काचेत घ्यायचं, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं आणि तागाचा एक धागा बुडवून ठेवायचा. दीड-दोन दिवसांनी धाग्यावर खडीसाखरेसारखे युरिक ॲसिडचे कण जमत. आज मशीन जो आकडा छापतं त्याचा हा पणजोबा.

गॅरड यांनी या धाग्याच्या आधारे गाउट आणि इतर संधिवात वेगळे केले. आज सगळ्यांना ठाऊक असलेलं रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नावही १८५९ मध्ये त्यांनीच दिलं. पण याच शोधातून एक उलटा समज जन्माला आला : गाउटमध्ये युरिक ॲसिड वाढतं, म्हणजे युरिक ॲसिड वाढलं की गाउट. पाऊस पडला की रस्ता ओला होतो हे खरं, पण ओला रस्ता दिसला म्हणजे पाऊसच पडला असं नाही, टँकरही गळला असेल. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दीर्घ अभ्यासात युरिक ॲसिड ९ किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकीसुद्धा वर्षाला शंभरातल्या साधारण पाच जणांनाच गाउट झाला. आणि ऐन झटक्यात तर हा आकडा कित्येकदा नॉर्मल येतो. टीबीच्या औषधांतलं पायराझिनामाइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, रोजची छोटी ॲस्पिरिन यांनीही तो वाढतो. त्यात अंगठ्याचा काही दोष नसतो.

निर्णायक पाऊल १९६१ मध्ये पडलं. अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गाउट असेल तर पांढऱ्या पेशींच्या पोटात चमकत्या सुया दिसल्या, नसेल तर नाही. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले आणि यथासांग झटका भोगला. असले प्रयोग मी कुणाला सुचवणार नाही, पण स्फटिक हेच कारण याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही. हे स्फटिक पेशीतली कोणती घंटा वाजवतात, ते २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं.

ताठरलेला अंगठा

एवढी दोन हजार वर्षं गाउटच्या सावलीत दुसरं दुखणं कुठे होतं? होतंच, पण त्याला नाव नव्हतं. ते सरदारांचं नव्हतं, त्याच्यावर कुणी व्यंगचित्र काढलं नाही. १८८७ मध्ये लंडनचे शल्यविशारद डेव्हिस-कॉली यांनी अंगठा खाली वाकून अडकलेल्या तरुण रुग्णांचं वर्णन केलं. त्याच सुमाराला एडिंबराच्या कॉटरिल यांनी त्याला हॅलक्स रिजिडस म्हटलं. आठ वर्षांनी एक्स-रेचा शोध लागला आणि आत काय आहे ते दिसू लागलं : सांध्यातली फट अरुंद, कूर्चा झिजलेली, वरच्या कडेला हाडाचं टोक उगवलेलं. अंगठा वर जाताना तेच दारातल्या खड्यासारखं आड येतं.

आपल्याकडे हे दुखणं किती? अंगठ्यापुरते आकडे देता येणार नाहीत, पण एक अभ्यास पुष्कळ सांगून जातो. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. साधारण अठरा टक्के लोकांना हाडासांध्यांचं दुखणं होतं. त्यात झिजेची आणि स्नायू-कंडरांची दुखणी भरपूर होती, गाउट अगदी थोडा. विंचूर भिगवणहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. आता वजनं वाढली, मधुमेह-रक्तदाब वाढला, तसा गाउटही वाढताना दिसतो. तरीही खुरपणी करणाऱ्या बाईचा अंगठा दुखला तर आधी झीज आठवावी.

तर निदान कसं करायचं?

आधी गोष्ट ऐकायची. झटक्याने आलं आणि पूर्ण गेलं, की हळूहळू आलं आणि राहिलं? मग पाय पाहायचा. घरी करण्यासारखी साधी परीक्षा : खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीला टेकवा आणि हाताने अंगठा वर उचला. दुसऱ्या पायाशी तुलना करा. अंगठा वर जातच नसेल, शेवटी टणक अडथळा लागत असेल आणि माथ्यावर गाठ असेल, तर ती झीज. सूर्यनमस्कारात मागे नेलेल्या पायाचा चवडा टेकवता येईनासा झाला, ही तक्रारही त्याचीच. उभं राहून काढलेला पावलाचा एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो. गाउटचा संशय असेल आणि सोय असेल तर सांध्यातलं पाणी तपासावं. युरिक ॲसिडची तपासणी झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी करावी.

सांधा लाल झालाय आणि ताप आहे, किंवा रुग्णाला मधुमेह आहे, तर थांबू नका. सांध्यात पू झाला असेल तर एक-एक दिवस महत्त्वाचा असतो.

गाउट ठरला तर झटक्यात कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड, यांपैकी मूत्रपिंडाला झेपेल ते. सोबत बर्फ आणि विश्रांती. वर्षात दोन किंवा जास्त झटके आले, गाठी झाल्या किंवा हाड पोखरलं गेलं, तर ॲलोप्युरिनॉल. हे औषध हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी कॅन्सरच्या औषधाला जोड म्हणून तयार केलं होतं, १९६६ पासून ते गाउटला मिळू लागलं, आणि दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ते रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करून, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवायचं. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटके येऊ शकतात. "गोळीनेच पाय सुजला" म्हणून लोक ती तिथेच सोडतात, ती सोडू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे या. आणि डाळ खा. मांस आणि मासळीने धोका वाढतो, डाळी-भाज्यांनी नाही, दूध-दह्याने तर तो कमी होतो, हे दाखवून वीस वर्षं झाली.

झटका नाही, गाठ नाही, फक्त कागदावर ७.४ आहे, तर बहुतेकांना गोळीची गरज नाही. वजन, रक्तदाब, साखर आणि चालू औषधं मात्र पाहावीत.

झीज ठरली तर उपाय चपलेपासून सुरू होतो. मऊ, हातात दुमडणारी चप्पल या सांध्याची वैरीण. तळ जाड, कडक आणि पुढे किंचित वर वळलेला, पंजा रुंद, असं पायताण घेतलं की अंगठ्याला वाकावंच लागत नाही. खुरपणीला चवड्यांवर बसण्याऐवजी एक पाय पुढे घेऊन किंवा पाटावर बसून काम केलं तरी फरक पडतो. सांध्यात एखादं इंजेक्शन काही महिने आराम देतं. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांनीही आराम पडतो, कारण त्यांत कित्येकदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. साखर वाढलेली, चेहरा सुजलेला, हाडं ठिसूळ झालेली माणसं मी त्या पुड्यांमागे पाहिली आहेत, आणि त्यांच्या अंगठ्याची झीज होती तिथेच होती.

एवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया. सुरुवातीच्या टप्प्यात आड येणारं हाड फक्त घासून काढतात. फार पुढे गेलेल्या सांध्यात १९०४ च्या केलर पद्धतीने हाडाचा तुकडा काढत असत, आता तो सांधा कायमचा जोडून टाकणं जास्त पसंत करतात. कृत्रिम सांध्यांचा अनुभव अजून समाधानकारक नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली कृत्रिम कूर्चेची एक गुटी २०२४ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. जोडलेला अंगठा दुखत नाही, पण तो वाकतही नाही. ऑफिसात बसणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. ज्या बाईला उद्या पुन्हा कांद्याच्या वाफ्यात चवड्यांवर बसायचं आहे, तिने शल्यविशारदाला आपलं काम काय आहे ते आधी सांगावं, जमल्यास बसून दाखवावं, आणि मगच संमतीपत्रावर सही करावी.